विश्लेषण : पुराणकथा ऐकून मुले खरे बोलू लागतात का?

राज्याच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा मे २०२४ मध्ये जाहीर झाला. त्यात मनाचे श्लोक आणि भगवद्गीतेच्या पठणाचा उल्लेख होता. मनुस्मृतीतील एक श्लोकही त्यात सापडला आणि सगळी चर्चा तिकडे वळली. एक साधा प्रश्न मात्र मागे राहिला. मुले प्रामाणिक व्हावीत, अपयशाने खचू नयेत यासाठी हे करायचे असेल, तर त्याने ते साधते का?

शाळेत काय चालते, काय नाही?

गुजरातने मार्च २०२२ मध्ये सहावी ते बारावीसाठी गीतेचा समावेश जाहीर केला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये पंचतंत्र, जातककथा, हितोपदेश यांतील गोष्टी मुलांनी वाचाव्यात, असे म्हटले आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २८ नुसार पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. अनुदानित किंवा सरकारमान्य शाळेत ते दिले जात असेल, तरी पालकांच्या संमतीशिवाय मुलाला त्यात बसवता येत नाही. मात्र धर्माचे शिक्षण आणि धर्माविषयीचे शिक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये अरुणा रॉय खटल्यात मान्य केली. म्हणजे गोष्ट सांगून तिच्यावर बोलणे एक आणि सामुदायिक पठण दुसरे. आपल्याकडच्या वादात दोन्ही बाजूंनी याची सरमिसळ होते.

गोष्टींचा प्रयोग काय सांगतो?

कॅनडातील कांग ली आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन ते सात वर्षांच्या २६८ मुलांना एकेकटे खोलीत बसवले, पाठीमागे खेळणे ठेवले आणि ‘वळून पाहायचे नाही’ असे सांगून मोठे माणूस बाहेर गेले. राहवते कुणाला? परत आल्यावर मुलांना गोष्ट वाचून दाखवली आणि मग विचारले, ‘पाहिलेस का?’

लांडगा आला रे आला म्हणणारा मुलगा किंवा नाक लांब होणारा पिनोकियो यांच्या गोष्टी ऐकलेली मुले इतरांइतकीच खोटे बोलली. फरक पडला तो जॉर्ज वॉशिंग्टनच्या गोष्टीने. झाड तोडल्याचे तो कबूल करतो आणि वडील खरेपणाचे कौतुक करतात. शेवट बदलून त्यातले कौतुक काढले, तेव्हा परिणामही गेला. खोट्याची शिक्षा ऐकून मुले खरी होत नाहीत, खरे बोललेले कुणीतरी नीट ऐकून घेते हे कळल्यावर होतात, असा त्याचा अर्थ लावता येतो. (वॉशिंग्टनची ही गोष्ट स्वतःच रचलेली आहे, हा त्यातला विनोद.) प्रयोगात आपली एकही कथा नव्हती, त्यामुळे निष्कर्ष जसाच्या तसा उचलता येणार नाही. पण कथा निवडायला एक कसोटी मिळते.

ती लावली तर हरिश्चंद्राची कथा लहानांसाठी अवघड ठरते. शेवटी सारे परत मिळते हे खरे, पण तोवर राज्य जाते, तारामती आणि रोहिदास विकले जातात, राजा स्मशानात राबतो. पाच वर्षांच्या मुलाच्या लक्षात काय राहील? गांधीजींवर लहानपणी पाहिलेल्या हरिश्चंद्र नाटकाचा खोल ठसा उमटला, हे त्यांनी आत्मकथेत लिहिले आहे. पण त्यांच्या एका उदाहरणावरून वर्गाचे नियोजन करता येत नाही.

याउलट छांदोग्य उपनिषदातील सत्यकाम जाबालाची कथा कसोटीत नेमकी बसते आणि तीच आपण फारशी सांगत नाही. मुलाला गुरूकडे जायचे आहे. गोत्र विचारले तर काय सांगू, असे तो आईला विचारतो. जबाला सांगते, तरुणपणी मी अनेकांकडे सेवा करत होते, तेव्हा तू झालास, गोत्र मला माहीत नाही. मुलगा गौतम ऋषींपुढे हेच जसेच्या तसे सांगतो आणि खरे बोलला म्हणून त्याला प्रवेश मिळतो. मग गुरू चारशे रोडक्या गायी त्याच्या हवाली करतात. त्यांच्या हजार होईपर्यंत परतणार नाही, असे म्हणून तो निघतो आणि वर्षानुवर्षे रानात राहतो. खरेपणा आणि चिकाटी एकाच कथेत.

पण इथेही एक अडचण आहे. ब्राह्मणाशिवाय असे कुणी बोलणार नाही, असे गुरू मूळ कथेत म्हणतात. मुलांसाठीच्या आवृत्त्यांत हे वाक्य अनेकदा गाळले जाते. तिसरीच्या वर्गात ते समजण्यासारखे आहे. आठवीच्या वर्गात खरेपणाची कथा सांगताना ते लपवणे मला पटत नाही.

चिकाटीच्या कथेत काय सुटते?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि राज्यांत महाराष्ट्र सर्वांत वर होता. त्यामुळे ‘मुलांना खंबीर करा’ ही मागणी हवेतली नाही. पण खंबीरपणा म्हणून आपण सांगतो काय? क्लासच्या भिंतीवर पक्ष्याच्या डोळ्याकडे पाहणारा अर्जुन आणि घरात ‘ध्रुवासारखा बसून अभ्यास कर’.

भागवतातला ध्रुव पाच वर्षांचा आहे. सावत्र आई सुरुची त्याला वडिलांच्या मांडीवर बसू देत नाही, वडील गप्प राहतात. तो रडत सुनीतीकडे येतो. ती त्याचे दुःख झटकून टाकत नाही, स्वतःची हतबलताही लपवत नाही. वाटेत नारद भेटतात, आधी परत जा म्हणतात आणि तो ऐकत नाही म्हटल्यावर मार्ग दाखवतात. तप त्याचे, पण मागे दोन मोठी माणसे आहेत.

हवाई बेटांपैकी कवाईवर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर यांनी अनेक दशके मागोवा घेतला. अतिशय बिकट घरांतली जवळपास एकतृतीयांश मुले चांगली उभी राहिली. त्यांच्यात पुन्हा पुन्हा दिसलेली एक गोष्ट म्हणजे भरवशाचे एखादे तरी मोठे माणूस. ध्रुवाला ते मिळाले. एकलव्याला मिळाले नाही. चिकाटी त्याच्याकडेही होती, कदाचित जास्तच.

म्हणून वर्गात एकलव्य सांगितला की हात वर होणारच, गुरूंनी अंगठा का मागितला? पठणाच्या तासात या प्रश्नाला जागा नसते. गोष्टीच्या तासात आहे, फक्त शिक्षकाला त्यासाठी पंधरा मिनिटे आणि ‘द्रोणांचे चुकले’ असे म्हणायची मोकळीक लागेल.