माल वाहणारे हात आणि माणसांची बस

मंगरुळपीर तालुक्यातील आसेगावचा एखादा तरुण दहा वर्षे सोयाबीनची पोती वाहून उद्या बसचे चाक हाती घेऊ म्हणाला, तर कायदा त्याची फारशी अडवणूक करणार नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात जड मालवाहन व जड प्रवासी वाहन असे परवान्याचे वेगळे वर्ग होते; १९९४ च्या दुरुस्तीने ते मोडून ‘परिवहन वाहन’ हा एकच वर्ग केला. उरला तो बिल्ला. आणि त्यासाठी मुख्यतः पाहतात ते चारित्र्य!

ट्रकचालकांच्या कौशल्याविषयी आम्हांस शंका नाही. रात्री-अपरात्री घाट उतरणाऱ्यास गाडी हाकण्याचे धडे कोण देणार? परंतु ब्रेक लागला म्हणून पोत्याचा हात दांडीवरून सुटत नाही, की पोते धावत येऊन दारात लोंबकळत नाही. उभ्या प्रवाशांचा तोल चालकाच्या पायाशी असतो. ही विद्या निराळी आहे. एस. टी. महामंडळ आपल्या चालकांस स्वतः प्रशिक्षण देते. भोसरीस त्याची मध्यवर्ती संस्थाच आहे. खासगी मालकांचे काय? ९ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईत कुर्ल्यास बेस्टसाठी कंत्राटदाराने पुरविलेल्या विजेच्या बसखाली माणसे चिरडली गेली, तेव्हा चालकाच्या प्रशिक्षणाचा प्रश्न निघाला. तो आधी कोणी विचारावयाचा होता?

केंद्र सरकारने बससाठी परवान्यावर स्वतंत्र नोंद आणावी आणि तिची परीक्षा भरल्या वजनाच्या बसवर, थांबे घेत घेत व्हावी. शिकण्याच्या दिवसांतील बुडती मजुरी मात्र मालकाने सोसावी. ती चालकाच्या माथी मारू नये.