जुना रंग खरवडू नका

साठच्या दशकात अमेरिकन घडणीची गाडी परभणीसारख्या जिल्ह्यातील कच्च्या रस्त्यांवर धावली ती जीपच्या रूपाने. विलीज कंपनीच्या परवान्याने ही जीप मुंबईत महिंद्रांच्या कारखान्यात बनत असे.

अशी जुनी जीप घरी असेल तर तिचा मूळ रंग खरवडू नये, असे आमचे मत आहे. त्या काळच्या कारखानदारीचा तो पुरावा होय. लोखंड गंजण्यास पाणी व प्राणवायू लागतात, मिठाने गंज बळावतो. समुद्रापासून दूर असलेल्या परभणीत तो सावकाश चढतो. उघड्या पडलेल्या पत्र्यावर तेलाचा हात फिरवीत राहिले म्हणजे झाले.

रबरी नळ्या मात्र खुशाल बदला! पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्याने जुने रबर फुगते, चिरते. आणि गळणारे पेट्रोल तापलेल्या इंजिनावर पडले तर आग लागू शकते.