हौसेला मोल नसते?

‘हौसेला मोल नसते’ ही म्हण आपल्याकडे मोठ्या उदार मनाने वापरली जाते. हौस करणाऱ्याला हिशेब विचारू नये, असा तिचा भावार्थ. पण ज्याने आपल्या हौसेचे मोल स्वतः ठरवले नाही, त्याच्यासाठी ते दुसराच कोणी ठरवत असतो, हे मात्र ही म्हण सांगत नाही. जुन्या जपानी गिटारींच्या प्रतिकृतींना इंटरनेटवरील लिलावांत आज जी बोली लागते, ती पाहिली म्हणजे हा विचार प्रकर्षाने मनात येतो.

या प्रतिकृती मुळात का जन्मल्या, हे आधी पाहू. अमेरिकेच्या गिब्सन कंपनीने १९५८ ते १९६० या काळात मधोमध पिवळसर आणि कडेला तांबूस अशा रंगाच्या सुमारे दीड हजार ‘लेस पॉल’ गिटारी बनवल्या. त्या वेळी त्यांना फारसे गिऱ्हाईक नव्हते. १९६१ मध्ये कंपनीने गिटारीचा घाटच बदलून टाकला. पुढे १९६६ मध्ये जॉन मेयॉल यांच्या ध्वनिमुद्रिकेत एरिक क्लॅप्टन यांनी अशीच गिटार वाजवली, आणि सगळ्यांना तीच हवीशी झाली. आज अस्सल नगाची किंमत लाखो डॉलरांत जाते. जपानमधील कारखान्यांनी १९७०च्या दशकात आयबानेझ, ग्रेको, टोकाई अशा नावांनी तिच्या नकला काढल्या, त्या अस्सल वाद्य ज्यांना परवडत नव्हते त्यांच्यासाठी. नकलेचा मोठा गुण तिचा स्वस्तपणा हाच होता. टोकाईच्या गिटारींवर तर किंमत क्रमांकातच असे: ‘एलएस-५०’ म्हणजे पन्नास हजार येन, ‘एलएस-१२०’ म्हणजे एक लाख वीस हजार. साधा नग कोणता आणि उंची नग कोणता, हे बनवणाऱ्यानेच प्रामाणिकपणे सांगून ठेवले होते.

लिलावात नेमका हाच प्रामाणिकपणा पुसला जातो. तेथे एक जादूचा शब्द चालतो: ‘लॉसूट गिटार’, म्हणजे जिच्यावर खटला झाला ती गिटार. नक्कल इतकी हुबेहूब होती की मूळ कंपनीला न्यायालयात धाव घ्यावी लागली, असे त्यातून सुचवायचे असते. वस्तुस्थिती फार साधी आहे. गिब्सनची मालक कंपनी नॉर्लिन हिने १९७७ मध्ये आयबानेझची अमेरिकेतील वितरक कंपनी एल्गर हिच्यावर एक दावा लावला. वाद होता तो गिटारीच्या माथ्याच्या आकाराचा. लाकडाचा वा स्वराचा नव्हे. आयबानेझने तो आकार आधीच बदलला होता, आणि १९७८ मध्ये न्यायालयाबाहेर तडजोड झाली. टोकाई किंवा ग्रेको या दाव्यात नव्हत्याच. तरीही त्या दशकातील वाटेल त्या जपानी गिटारीला हे बिरूद चिकटवले जाते. त्यांतल्या कित्येकींची मान अस्सलप्रमाणे चिकटवलेली नसून स्क्रूने जोडलेली असते. तेथे पैसे पडतात ते गोष्टीचे.

लिलावाची रीतही गिऱ्हाइकाच्या विरुद्धच काम करते. एखाद्या वस्तूची खरी किंमत कोणालाच नक्की ठाऊक नसेल, तर बोली जिंकतो तो बहुधा तिचा अंदाज सर्वांत जास्त फुगवणारा. तेलक्षेत्रांच्या लिलावांबाबत तीन अमेरिकी अभियंत्यांनी १९७१ मध्ये ही गोष्ट मांडली. अर्थशास्त्रात तिला ‘विजेत्याचा शाप’ म्हणतात. शंभर शहाणे बाजूला झाले तरी दोन हट्टी माणसे किंमत आकाशाला भिडवू शकतात. त्यात परदेशातून पाठवणावळ आणि जकात आली म्हणजे चार आण्यांची कोंबडी नि बारा आण्यांचा मसाला!

यावर कोणी म्हणेल की काही जपानी प्रतिकृती त्या काळच्या अमेरिकी गिटारींपेक्षा सरस होत्या. हे खरे आहे, आणि जपानी कारागिरांचे श्रेय हिरावून घेण्याचा येथे मुळीच हेतू नाही. परंतु ‘काही’ हा शब्द महत्त्वाचा. सरस नगाला सरस किंमत द्यावी. पण ती नग पाहून द्यावी. मिरजेला तंबोरा घ्यायला जाणारा माणूस भोपळा निरखतो, तारा छेडतो, जवारी ऐकतो, मगच पैशांचे बोलतो. लिलावात चार छायाचित्रे आणि एक घड्याळ एवढेच समोर असते. आणि घड्याळ सरत आले की छायाचित्रेही कोणी पाहत नाही.

‘ज्याचा पैसा, त्याची मर्जी’ असे म्हणून हा प्रश्न मिटत नाही. एकाने फुगवलेली किंमत तेथेच थांबत नाही. पुढचा विक्रेता तीच ‘बाजारभाव’ म्हणून दाखवतो. अशा रीतीने जे वाद्य परवडावे म्हणूनच बनवले गेले, ते वाजवू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याच्या हातून निसटते आणि भिंतीवर टांगणाऱ्याच्या घरी जाते. ज्या कारागिराने ते घडवले त्याच्या पदरी यातला एक येनही पडत नाही. नकलेला अस्सलाचा भाव आला, यात वाद्याचा गौरव कोणता?

म्हणून वाद्य घेऊ पाहणाऱ्या मित्रमैत्रिणींना एवढेच सांगावेसे वाटते: क्रमांक विचारा, मानेच्या जोडाचे छायाचित्र मागा, तेवढ्याच पैशात नवी गिटार कशी मिळते ते दुकानात जाऊन वाजवून पाहा. मग एक आकडा कागदावर लिहा, आणि बोली त्याच्या पुढे गेली की खुशाल दुसऱ्याला जिंकू द्या. हौसेला मोल असते. ते लिलाव सुरू होण्यापूर्वी आपण ठरवायचे असते.