ढलप्यांवरची छत्री आणि नावाची घाई

पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या माणसाने भूछत्रांवर लिहावे, हे तुम्हांला जरा विचित्र वाटेल. वनस्पतिशास्त्राचे माझे सहकारी तर नक्कीच हसतील. पण एका पावसाळ्यात माझ्या हातून एक चूक झाली. ती कागदावर आणल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

आम्ही पुण्याच्या पूर्वेला, खराडीत राहतो. मुळा-मुठेच्या काठचे हे गाव 1997 साली महापालिकेत आले. आता शेतांच्या जागी उंच इमारती उभ्या आहेत आणि त्यांच्या पायथ्याशी आखीव-रेखीव बागा. आमच्या बागेतल्या झाडांच्या बुंध्यांभोवती लाकडाच्या ढलप्यांचा चांगला चार बोटे जाडीचा थर पसरलेला आहे. छाटलेल्या फांद्या यंत्रात घालून त्या केलेल्या असतात. त्यामुळे माती झाकलेली राहते, ओल टिकते आणि तणही कमी माजते. जुलैमध्ये चार दिवस झड लागली आणि पाचव्या दिवशी सकाळी पाहतो तो काय, त्या थरावर बशीएवढ्या पांढऱ्याशुभ्र छत्र्या उभ्या! टोपीवर तपकिरी खवले, देठावर एक कडे.

आमचे माळीमामा गोंदियाकडचे. ते म्हणाले, “सर, या तर सात्या दिसतात. आमच्या गावाकडे पावसात याचीच भाजी असते. घरी नेऊ का?”

मी काय करावे? खिशातला फोन काढला, फोटो घेतला. फोनने क्षणात एक नाव सांगितले आणि त्याखाली ‘खाद्य’ असा शेरा. मी ऐटीत म्हणालो, “न्या मामा, खायचीच आहेत.”

तुम्हीच सांगा, विद्यार्थ्याने मोजमाप न करता उत्तर लिहिले, तर मी त्याला किती गुण देतो? शून्य. मग तोच मी, केवळ पडद्यावर नाव उमटले म्हणून, एका घराच्या रात्रीच्या जेवणाचा निर्णय देऊन मोकळा झालो.

सुदैवाने एक छत्री माझ्या मुलीने वर आणली होती. ती आठवीत आहे. तिने देठ कापून टाकला आणि टोपी, कल्ल्यांची बाजू खाली करून, पांढऱ्या कागदावर ठेवली. वर वाटी पालथी घातली. तिच्या विज्ञान मंडळात शिकलेला हा ‘बीजाणुठसा’. दुपारी चारला वाटी उचलली, तर कागदावर चाकाच्या आऱ्यांसारखी सुरेख नक्षी उमटली होती आणि तिचा रंग होता मळकट हिरवा.

आता सात्या, म्हणजे वारुळावर येणारी टर्मिटोमायसीस जातीची अळंबी, तिचा ठसा गुलाबीसर असतो. हिरवा ठसा देणारी छत्री फार थोडी आहेत, आणि त्यांतले सर्वांत परिचित म्हणजे क्लोरोफायलम मॉलिब्डायटीस. हिरवळीवर, कुजक्या काडीकचऱ्यावर ते उष्ण प्रदेशांत सर्वत्र उगवते. ते खाल्ल्यावर एक ते तीन तासांत ओकाऱ्या आणि जुलाब सुरू होतात, ते रुग्णालयात नेण्याची पाळी येईपर्यंत. मी मामांना फोन लावला तेव्हा त्यांच्या घरी भाजी निवडून, धुऊन, चिरून तयार होती.

मामांची चूक होती असे तुम्ही म्हणाल काय? मी म्हणणार नाही. त्यांच्या गावी ती ओळख बरोबरच होती, कारण तिथे ते केवळ छत्री पाहत नव्हते, जागाही पाहत होते. टर्मिटोमायसीस वाळवीबरोबर राहते. वाळवी जमिनीखालच्या घरात तिची शेतीच करते म्हणा ना! छत्री उपटली तर खाली लांबलचक मूळ लागते आणि ते वाळवीच्या घरापर्यंत जाते. कोकणात, गोव्यात, विदर्भात पिढ्यान्‌पिढ्या लोक ही अळंबी ओळखतात, ती या साऱ्या खुणांवरून. खराडीच्या ढलप्यांत वारूळ कुठले? मामांचे ज्ञान त्यांच्या मुलखाचे होते, ते इथे लागू पडले नाही. आणि माझ्याकडे तर कुठल्याच मुलखाचे ज्ञान नव्हते, नुसता फोन होता.

फोनवर माझा राग नाही. फुलपाखरू किंवा पक्षी ओळखायला त्याची मदत होते, आणि चूक झाली तरी कुणाचे पोट बिघडत नाही. पण छायाचित्रात काय असते? वरून दिसणारा रंग आणि आकार. वास नसतो, ठसा नसतो, कल्ले बहुधा नसतात, आणि जमिनीखाली काय आहे ते तर नसतेच. जगातले सर्वांत घातक मानले जाणारे अ‍ॅमानिटा फॅलॉइडस घ्या. त्याची महत्त्वाची खूण म्हणजे देठाच्या बुडाशी असलेली पांढरी पिशवी, आणि ती बहुधा मातीत गाडलेली असते. देठ वरच्यावर खुडला की खूण मातीत आणि विष टोपलीत! त्यातले अ‍ॅमाटॉक्सिन शिजवूनही नाहीसे होत नाही. लक्षणे दिसायला सहा ते बारा तास, कधी त्याहूनही अधिक वेळ लागतो, आणि तोपर्यंत यकृतावर आघात सुरू झालेला असतो. एप्रिल 2022 मध्ये आसामात रानटी अळंबी खाऊन 13 माणसे दगावली. त्यांत चहामळ्यांतली कुटुंबे होती, लहान मुले होती.

आणि ते घरगुती ठोकताळे! चांदीचा चमचा काळा पडला तर विषारी, लसूण काळी पडली तर विषारी, किड्याने खाल्ले असेल तर निर्धोक. यांतला एकही खरा नाही. चांदी काळी पडते ती गंधकाच्या काही संयुगांमुळे. अ‍ॅमाटॉक्सिन असलेल्या भांड्यात ती चकचकीतच राहील. गोगलगाय अ‍ॅमानिटा खाऊन खुशाल चालू लागते. तिच्या शरीरावरून आपल्या यकृताचा अंदाज बांधणे हे बैलाला गवत पचते म्हणून आपणही खाण्यासारखे आहे.

तेव्हा एक गोष्ट ठरवून टाका. रानातले किंवा बागेतले भूछत्र तुम्ही खायचे नाही, कुणी विचारले तर ‘खा’ असे सांगायचेही नाही. चुकून कुणी खाल्लेच, तर त्रास होण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठायचे आणि उरलेला तुकडा बरोबर न्यायचा. पण हात लावायला घाबरू नका. स्पर्शाने विषबाधा होत नाही. हात धुतले की झाले. आमच्या सोसायटीतल्या काही मंडळींनी सगळ्या थरावर औषध फवारून टाकू या असा आग्रह धरला होता. मी कडाडून विरोध केला. छत्री हे केवळ फळ आहे. खरा जीव म्हणजे ढलप्यांत पसरलेले पांढऱ्या धाग्यांचे कवकजाल, आणि लाकडातले चिवट लिग्निन फोडून त्याची माती करण्याचे काम तेच करते.

इथे माझा विषय आला, तेव्हा थोडे गणित. दहा सेंटिमीटर बाजूचा लाकडी ठोकळा घ्या. त्याचे पृष्ठफळ 600 चौरस सेंटिमीटर. त्याचे एक-एक सेंटिमीटरचे तुकडे केले की 1000 तुकडे होतात आणि एकूण पृष्ठफळ 6000 होते. लाकूड तेवढेच, पण पाणी शिरायला आणि कवकाला घुसायला दसपट जागा. आख्खा ओंडका वर्षानुवर्षे पडून राहतो आणि ढलप्यांवर मात्र एकाच पावसात छत्र्या का उगवतात, याचे बरेचसे उत्तर यात आहे.

बीजाणुठसा हाही पदार्थविज्ञानाचाच प्रयोग आहे. बीजाणू साधारण मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा. इतकी हलकी वस्तू हवेत पडते ती सेकंदाला दोन-तीन मिलिमीटर या संथ वेगाने. मग पंख्याची झुळूक आली की नक्षी विस्कटणारच. वाटी पालथी घालायची ती यासाठी. कल्ल्यावरून बीजाणू सुटतो तोही गमतीने. त्याच्या बुडाशी पाण्याचा एक सूक्ष्म थेंब जमतो, तो बीजाणूच्या अंगावरच्या पाण्याच्या पातळ थराला एकाएकी मिळतो आणि पृष्ठताणाच्या जोरावर बीजाणू फेकला जातो. तोही मिलिमीटरच्या अंशाइतकाच, म्हणजे समोरच्या कल्ल्यावर आपटणार नाही इतपत; मग तो सरळ खाली. कॅनडात काम केलेल्या बुलर नावाच्या शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या साऱ्याची बारकाईने निरीक्षणे केली, म्हणून त्या थेंबाला आजही ‘बुलरचा थेंब’ म्हणतात.

ठसा अर्धा पांढऱ्या आणि अर्धा काळ्या कागदावर घ्या, म्हणजे पांढरा बीजाणूही नजरेतून सुटणार नाही. छत्री बुडासकट, मातीसकट उकरून काढा. कशावर उगवली, कुठल्या झाडाखाली, कल्ले देठाला चिकटलेले की मोकळे, कापल्यावर रंग बदलतो का, हे ताज्या छत्रीवरच लिहून ठेवा. संध्याकाळपर्यंत तिचा चिखल झालेला असतो. मग ती सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवा. आपल्या पुण्यातच आघारकर संशोधन संस्थेत वाळवलेल्या कवकांचा मोठा संग्रह आहे, त्याला अजरेकरांचे नाव दिलेले आहे. या संस्थेचे जुने नाव महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी. तिथल्या साठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नैर्ऋत्य भारतातल्या भूछत्रांवर 1980 साली एक प्रबंध प्रसिद्ध केला. त्या लोकांनी नावे दिली ती असल्याच कागदी पाकिटांवरून, सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू मोजून.

माझी खरी तक्रार आहे ती आम्हा शिक्षकांविषयी. विज्ञान प्रदर्शनात ज्या तक्त्यावर सगळी नावे लिहिलेली असतात त्याला आम्ही बक्षीस देतो. प्रश्नमंजूषेत जो आधी घंटी वाजवून नाव सांगेल तो पहिला. मग मुलांना वाटते, नाव कळले म्हणजे वस्तू कळली. परीक्षक म्हणून मला पुन्हा बोलावले तर ज्या पाकिटावर ‘तीन खुणा तपासल्या, ओळख पटली नाही’ असे लिहिले असेल त्याला मी जास्त गुण देणार आहे. संयोजकांना ते पटेलच असे नाही.

मामांनी नंतर मला एकदाच टोमणा मारला. “सर, आता तुमच्या फोनला विचारून काय खायचं ते सांगू नका,” एवढेच म्हणाले. मात्र तेव्हापासून ढलप्यांत नवीन काही दिसले की ते मुलीला हाक मारतात. पावसाळा संपेपर्यंत तिच्या वहीत सात नोंदी झाल्या. त्यांतल्या तिघांनाच नावे मिळाली. तिसरे नाव सायथस. ही इवली वाटीसारखी कवके, आत मसुराच्या डाळीएवढ्या चपट्या गोळ्या, हुबेहूब अंडी घातलेले घरटे. पावसाचा थेंब वाटीत पडला की त्याच्या उसळीने गोळी बाहेर उडते. आम्ही स्टुलावर उभे राहून ड्रॉपरने थेंब सोडून पाहिले. बरेचसे नेम चुकले. नेम बसला तेव्हा एक गोळी हातभर लांब जाऊन मामांच्या चपलेला चिकटली, आणि ती नखाने खरवडून काढावी लागली.