पंप घेतलास का रे?

मित्रांनो, तुमच्यापैकी ज्यांना दमा आहे, त्यांनी ही परीक्षा दिली असेल. नाकाला चिमटा, तोंडात नळी आणि समोरच्या ताई ओरडताहेत, "फुंक, फुंक, अजून फुंक!" हिचं नाव स्पायरोमेट्री. जोरात फुंकल्यावर पहिल्या एका सेकंदात छातीतली किती हवा बाहेर पडते, ते यंत्र मोजतं. दम्यात श्वासनलिका आवळतात, म्हणून हवा रेंगाळत निघते.

आता गंमत बघा. निघताना आई म्हणते, "दोन पफ घेऊन टाक, तिथे धाप लागायला नको." म्हणणं मायेचंच! पण तातडीच्या पंपातलं साल्ब्युटामॉल काही मिनिटांतच नलिकांचे स्नायू सैल करतं आणि चार ते सहा तास टिकतं. तुम्ही फुंकता, आकडा झकास! डॉक्टरांना वाटतं, याला दमा नसावा. रात्रीचा खोकला मात्र तसाच.

शिवाय ही परीक्षा दोनदा असते बरं का. एकदा फुंकायचं, मग तिथेच पंप घ्यायचा, दहा-पंधरा मिनिटं थांबून पुन्हा फुंकायचं. आकडा १२ टक्के किंवा जास्त वाढला, तर दम्याचा चांगला पुरावा मिळतो. घरूनच औषध घेऊन गेलात, तर वाढायला जागा कुठे उरली?

म्हणून तातडीचा पंप तपासणीआधी चार ते सहा तास टाळायला सांगतात. जास्त वेळ टिकणाऱ्या औषधांना एक दिवस किंवा अधिकही. पण कोणता पंप कधी थांबवायचा, हे डॉक्टरांनाच विचारायचं. काही पंपांत दोन औषधं एकत्र असतात. रोजचा स्टिरॉइडचा पंप तर मनाने मुळीच बंद करू नका. कधीकधी चालू औषध किती लागू पडतंय हेच पाहायचं असतं, तेव्हा काहीच थांबवत नाहीत.

आणि आईबाबा, हे तुमच्यासाठी. पहाटे मुलाला धाप लागली तर? पंप द्यायचाच! तपासणी पुढच्या आठवड्यातही होईल. फक्त तिथे गेल्यावर लपवू नका. "सकाळी सहाला दोन पफ घेतले," एवढं सांगा. ताई रागावणार नाहीत, अहवालावर वेळ लिहून ठेवतील.