बागेसाठी वीरगळ मागू नका

बागा आखून देणे हा माझा व्यवसाय. मुळशी-पानशेतच्या बाजूला शेतघर बांधणारी मंडळी माझ्याकडे येतात आणि झाडांच्याही आधी हल्ली जुन्या वस्तू मागतात. जाते, उखळ, गुरांना पाणी पाजायची दगडी डोणी, बिडाच्या पायांचे बाकडे. ही आवड मला मनापासून पटते. पेठांतले वाडे पाडताना तुळया आणि खांबांना गिऱ्हाईक मिळते, पण दगडी वस्तू पुष्कळदा राडारोड्याबरोबर जातात. त्यातली एखादी डोणी कुणाच्या अंगणात पुन्हा पाणी धरत असेल तर चांगलेच आहे.

पण यांतलेच काही जण पुढे विचारतात, "मॅडम, एखादा वीरगळ मिळेल का? तुळशीपाशी छान दिसेल." माझे उत्तर ठरलेले असते : नाही. मी आणणार नाही, आणि तुम्हीही आणू नका.

वीरगळ म्हणजे लढताना पडलेल्या माणसाची स्मृती. कुणी गावाची गुरे सोडवताना मेला, कुणी राजासाठी. खालच्या चौकटीत लढाई, मधे वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर तर जहाजांची लढाई कोरलेली आहे. शिलाहार आणि यादव यांच्या संघर्षाशी अभ्यासक तिचा संबंध जोडतात. पण बहुतेक वीरगळांवर अक्षरच नसते. तो कुठल्या वेशीवर, कुठल्या देवळापाशी उभा आहे, एवढीच त्याची ओळख. तिथून उचलला की तो कोणाचा, कुठल्या गावचा, हे कायमचे पुसले जाते. मागे राहतो तो नुसता कोरीव दगड. सतीशिळा, गधेगाळ, देवळाबाहेरच्या भग्न मूर्ती यांचेही असेच.

मुंबईत राणीच्या बागेच्या आवारात, भाऊ दाजी लाड संग्रहालयाशेजारी एक दगडी हत्ती उभा आहे. ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी घारापुरीला एलिफंटा नाव दिले, तोच हा. १८६४ मध्ये त्याला इंग्लंडला न्यायचा प्रयत्न झाला, उचलताना तो पडला आणि त्याचे तुकडे झाले. पुढे ते जोडले, पण हत्ती काही बेटावर परतला नाही. जागेवरच्या दगडाला हात लावला की काय होते, हे पाहायचे असेल तर तिथे जाऊन यावे.

कायदाही स्पष्ट आहे. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी शिल्पे पुरावशेषांत मोडतात. त्यांच्या विक्रीला परवाना लागतो, दगडी शिल्पाची नोंदणी करावी लागते आणि ती खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाहीत. शेतात खणताना काही सापडले तर ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचे, हा नियम १८७८ पासून आहे. विकणारा "शेतात मिळाले" म्हणाला, तर तिथूनच परत फिरा.

मग घ्यायचे काय? घरातले घ्या, गावाचे नको. जाते, पाटा-वरवंटा, उखळ, डोणी, वाड्यातले खांब, पितळी घंगाळ ही माणसांच्या वापरातली वस्तुसंपदा. तरीही ती कुठून आली ते विचारा, आणि मिळालेले उत्तर लिहून ठेवा. गावाचे, घराचे नाव वस्तूबरोबर राहिले तर पुढच्या पिढीला तिची किंमत कळते.

खरे-खोटे ओळखायला वापराच्या खुणा पाहा. कांडून कांडून उखळाचा खळगा आतून गुळगुळीत झालेला असतो, पाटा मधे खोलगट झिजलेला असतो. खळग्यात टाकीचे घाव ताजे दिसले तर उखळ नवे आहे. नवे घ्यायला हरकत नाही, पाथरवटाला काम मिळते, मात्र जुन्याचा भाव देऊ नका. बिडाच्या बाकड्याला लोहचुंबक लावा. चिकटला नाही, तर ते ॲल्युमिनियम आहे.

निगा राखणे म्हणजे बहुतेक वेळा हात आवरणे. काळ्या दगडाला मऊ ब्रश आणि साधे पाणी पुरते. ॲसिड, तारेचा ब्रश, प्रेशरचा पाइप यांपैकी काहीही नको. संगमरवर तर ॲसिडने अक्षरशः विरघळतो. फुटलेला जुना दगड सिमेंटने जोडू नका. सिमेंट कडक असते, ओल कोंडून धरते आणि शेजारचा मऊ दगड किंवा वीट फोडते. चुन्याचे काम जाणणारा गवंडी शोधा. डोणीला तळाशी भोक पाडू नका. कमळाची कुंडी तिच्यात ठेवा आणि डासांसाठी गप्पी मासे सोडा.

बीड ठिसूळ असते. पडले की तडकते, आणि साध्या वेल्डिंगचा जोड पुन्हा त्याच्या शेजारीच तुटतो. त्यापेक्षा लोखंडी पट्टी आणि बोल्टने आधार द्या. पावसाळ्याआधी सुटा गंज घासून काढा, रेड ऑक्साइडचा हात मारा, मग तेलरंग. सागवान उन्हात करडे पडते, पण तो करडेपणा वरवरचा असतो. त्याला चकाकी आणू नका, फक्त पाय मातीत टेकू देऊ नका. खाली दगड ठेवा, वाळवी दूर राहील. घरात झुललेला पॉलिशचा झोपाळा मात्र पडवीतच शोभतो, पावसात नाही.

आणि दगडाला तेलरंग कधीच नको. मुंबईच्या फ्लोरा फाउंटनच्या पोर्टलँड दगडावर वर्षानुवर्षे पांढऱ्या रंगाचे थर चढत गेले. २०१९ मध्ये ते दुरुस्त होऊन खुले झाले, त्यासाठी आधी ते थर उतरवावे लागले. रंग लावायला एक दुपार लागते, काढायला तज्ज्ञ लागतात.

आपल्या गावाच्या वेशीवर वीरगळ पडलेला असेल, तर त्याचा फोटो काढा, जागा लिहून घ्या, ग्रामपंचायतीला आणि पुरातत्त्व विभागाला कळवा. गावकरी मिळून तो तिथेच उभा करा. आणि बागेसाठी कुणी वीरगळ विकायला आणला, तर घेऊ नका. गिऱ्हाईक मिळाले नाही, की दगड उचलणारेही थांबतील.