आधी माप, मग फ्रेम

संस्थेच्या स्मरणिकेत बालरोगतज्ज्ञाने लसीकरण, कुपोषण किंवा फार तर परीक्षेचा ताण यांवर लिहावे, अशी रास्त अपेक्षा असते. यंदा मी सायकलच्या फ्रेमवर लिहीत आहे. विषय वाटतो तितका परका नाही, हे लेख संपेपर्यंत पटावे.

नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये जोडीने आणि नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये एकट्याने, अमेरिका आडवी पार करणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत पूर्ण केली. तेव्हापासून आपल्या व्यवसायबंधूंमध्ये सायकलचे वेड पसरले. २०१९ मध्ये गोव्यात ‘आयर्नमॅन ७०.३’ ही ट्रायथलॉन प्रथम झाली आणि चोर्ला घाटापलीकडचे हे निमंत्रण आपल्या बेळगावकरांना नाकारणे कठीण झाले. १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे असे तिचे स्वरूप. सायकलच्या टप्प्यात दुसऱ्याच्या आडोशाने जाण्यास मनाई असते. वारा ज्याचा त्याने कापायचा. येथेच ‘टाइम ट्रायल’ फ्रेमचा मोह सुरू होतो.

हा मोह निराधार नाही. सपाट रस्त्यावर ताशी चाळीस किलोमीटरच्या आसपास आपली बहुतांश शक्ती हवेला बाजूला सारण्यातच खर्च होते, आणि वेग वाढेल तशी ही गरज वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. परंतु त्या विरोधाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग स्वाराच्या शरीरामुळे निर्माण होतो, सायकलमुळे नव्हे. जाहिरातींतून मात्र उरलेल्या एक-चतुर्थांशाचेच गुणगान चालते. फ्रेमचे खरे काम वारा कापणे हे नसून, वारा कापता येईल अशा स्थितीत स्वाराला दीर्घकाळ सुखाने बसू देणे हे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

इतिहासातील दोन दाखले मला पुरेसे वाटतात. १९८९ च्या टूर द फ्रान्सच्या अखेरच्या दिवशी, २३ जुलै रोजी, व्हर्साय ते पॅरिस ही २४.५ किलोमीटरची घड्याळाविरुद्धची शर्यत होती. अमेरिकेचा ग्रेग लेमाँ पन्नास सेकंदांनी मागे होता. त्याने ट्रायथलॉनपटू वापरत असलेले, कोपरे टेकवून हात पुढे घेता येणारे हँडल लावले आणि लाराँ फिन्याँला एकूण वेळेत अवघ्या आठ सेकंदांनी मागे टाकून ती टूर जिंकली. दुसरा दाखला स्कॉटलंडच्या ग्रॅमी ओब्रीचा. हात छातीखाली दुमडून बसण्याची स्थिती त्याने आधी शोधली आणि त्या स्थितीला साजेशी सायकल स्वतः बनवली. पेडलांच्या आसात त्याने धुलाईयंत्रातील बेअरिंग बसवले होते. १७ जुलै १९९३ रोजी नॉर्वेतील हामार येथे त्याने तासाभरात ५१.५९६ किलोमीटर अंतर कापून विश्वविक्रम केला. पुढील वर्षी आंतरराष्ट्रीय संघटनेने त्या बैठकीवरच बंदी घातली. ओब्रीने निवडीचा जो क्रम पाळला, तो आपण नेमका उलटा करतो. आधी फ्रेम विकत घेतो आणि मग शरीराने तिच्याशी जुळवून घ्यावे, अशी अपेक्षा बाळगतो.

मीही तेच केले होते. ५२ व्या वर्षी, दुकानातील सर्वांत उतरत्या पुढ्याची फ्रेम मी घेतली. ती देखणी होती आणि तिच्या अंगावर ‘मीडियम’ असे लिहिले होते. एवढीच दोन कारणे. तिसऱ्या आठवड्यापासून तासाभराच्या फेरीनंतर जांघेमधल्या भागाला बधिरता येऊ लागली, मान दुखू लागली. एखाद्या रुग्णाने हे सांगितले असते, तर प्युडेंडल नसेवरील दाबाविषयी मी त्याला दहा मिनिटे समजावले असते. स्वतः मात्र चार महिने गप्प राहिलो, कारण फ्रेमला बरीच रक्कम मोजली होती. शेवटी ती निम्म्या किमतीत विकली. चूक दुकानदाराची नव्हती. त्याने मला माप विचारले नव्हते हे खरे, पण मलाही ते ठाऊक नव्हते.

मग माप कसे पाहावे? ‘स्मॉल’, ‘मीडियम’ या शब्दांना अर्थ नाही, कारण प्रत्येक उत्पादकाचे मीडियम वेगळे. पाहावयाच्या संख्या दोन. पेडलांचा आस जेथे बसतो त्या बिंदूपासून हँडलच्या नळीच्या माथ्यापर्यंतचे उभे अंतर म्हणजे ‘स्टॅक’ आणि आडवे अंतर म्हणजे ‘रीच’. तिसरी बाब सीटच्या नळीचा कोन. रस्त्यावरच्या नेहमीच्या सायकलीत तो ७२ ते ७४ अंश असतो, टाइम ट्रायल फ्रेममध्ये साधारण ७६ ते ८०. त्यामुळे शरीर पेडलांच्या वर पुढे सरकते आणि धड खाली झुकूनही मांडी व धड यांतील कोन फार मिटत नाही. हा कोन फार मिटला, तर श्वासपटलाला जागा उरत नाही. वर्षानुवर्षे कंबर दुमडून जोर लावणाऱ्या स्पर्धकांत बाह्य इलियाक धमनीचा प्रवाह मंदावल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेली आहेत.

म्हणून माझी शिफारस अशी. प्रथम असलेल्या सायकललाच कोपरे टेकवण्याचे हँडल जोडावे, सीट थोडी पुढे घ्यावी आणि तीन महिने सराव करावा. जी स्थिती तुम्ही स्पर्धेच्या अपेक्षित वेळेपर्यंत बधिरतेविना टिकवू शकता, तीच तुमची स्थिती. छायाचित्रातील विजेत्याची नव्हे. मग पेडलांच्या आसापासून कोपरांच्या गाद्यांपर्यंतची अंतरे मोजावीत आणि त्यांना जुळणारी फ्रेम शोधावी. हँडल व पुढचा भाग एकसंध असलेल्या फ्रेममध्ये नंतर बदलास वाव अल्प असतो, हे ध्यानी ठेवावे. आपल्या रस्त्यांसाठी २८ मिलिमीटरचा टायर मावतो का, हे जरूर पाहावे. कार्बनची वापरलेली फ्रेम घेताना पडझडीचा इतिहास विचारावा, कारण आतील तडा वरून दिसेलच असे नाही.

आता ज्या प्रसंगामुळे हा लेख लिहावासा वाटला, त्याकडे वळतो. आपल्याच एका व्यवसायबंधूंनी आपल्या चौदा वर्षांच्या चिरंजीवांना माझ्याकडे आणले. मुलगा सायकल उत्तम चालवतो. विजापूर, बागलकोट आणि बेळगाव हे जिल्हे राष्ट्रीय पातळीवरील सायकलपटूंसाठी ओळखले जातात, तेव्हा वडिलांची आशा अवाजवी म्हणता येणार नाही. “कोणती टाइम ट्रायल फ्रेम घ्यावी ते सांगा. एक माप मोठी घेतो, म्हणजे तीन-चार वर्षे पुरेल,” असे ते म्हणाले. मी फ्रेमऐवजी मुलाची उंची मोजली, मग बसलेल्या स्थितीतली उंची. वर्षभरात तो नऊ सेंटिमीटर वाढला होता आणि ती वाढ प्रामुख्याने पायांत होती. वयात येताना पाय आधी वाढतात, धड मागाहून. आज त्याच्या पायांवरून घेतलेली फ्रेम त्याच्या धडाला लांब पडेल, आणि धड वाढेल तोवर सीटची उंची, कंबरेचा कोन, सारेच बदललेले असेल. शाळेचा गणवेश आपण वाढत्या अंगाचा शिवतो. बाही दुमडता येते. टाइम ट्रायलची फ्रेम अशी दुमडता येत नाही. ती मोठी पडली, तर मूल ताणून बसते आणि पाठ, मान, गुडघे त्याची किंमत मोजतात. शिवाय कोपरांवर टेकलेल्या स्थितीत ब्रेक हाताशी नसतो. वाहत्या हमरस्त्यावर चौदा वर्षांच्या मुलाला अशा स्थितीत एकटे सोडण्यास मी तरी अनुमती देणार नाही.

याहून मोठी चिंता वेगळी आहे. काही लाखांची फ्रेम घरात आली की सायकल हा खेळ उरत नाही, ते कर्ज होते. दुखत असूनही मी चार महिने बोललो नाही. मी प्रौढ, स्वतःच्या पैशाने घेतलेली फ्रेम, तरी ही अवस्था. वडिलांच्या पैशाची फ्रेम असलेला मुलगा “दुखते आहे” हे किती महिने लपवील? माझ्या मते, वाढीचा वेग ओसरल्याशिवाय मुलाला टाइम ट्रायल फ्रेम घेऊ नये. तोवर मापाची साधी रस्त्यावरची सायकल पुरेशी आहे, आणि ती लहान पडली की विनासंकोच बदलावी.

स्नेह्यांना हे फारसे रुचले नाही, हे मला दिसले. मुलाने मात्र निघताना हळूच विचारले, “पुन्हा केव्हा मोजायचं, डॉक्टरकाका?” सहा महिन्यांनी ये, असे सांगितले. ज्या व्यवसायबंधूंना आपल्या पाल्यासाठी फ्रेम घ्यावयाची असेल, त्यांनीही दुकानात जाण्यापूर्वी एकदा माझ्याकडे यावे. उंची मोजण्याची पट्टी भिंतीवर आहेच.